वडाची माशी पिंपळाला लागत नाही

प्रश्न विचारणाऱ्या ताई आमच्या वडोदऱ्याच्याच. त्यांच्या सोसायटीत दत्ताच्या देवळीमागे जुना उंबर आहे. फळांचा सडा पडून चिकचिक होते, फळ फोडलं की आतून चिलटं उडतात, म्हणून कमिटीनं फवारणीवाल्याला बोलवायचं ठरवलंय. त्यातच नववीतल्या लेकीला शाळेनं प्रकल्प दिलाय: झाडं आणि त्यांच्यावर जगणारे जीव एकमेकांबरोबर कसे बदलत गेले. लेकीनं आईला विचारलं, आधी उंबर आला की आधी किडा? आणि शेवटी ताईंनी हळूच जोडलंय, आम्ही रोज सकाळी भिजवलेलं अंजीर खातो, त्यातही हे असतं का हो?

ताई, मी 34 वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यातला बराच काळ मुलांना घेऊन कमाटीबागेत आणि पावागडच्या पायथ्याशी फिरण्यात गेला. तुमचे तिन्ही प्रश्न एकाच फळात मावतात, पण उत्तर मात्र लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

फवारणीचं आधी उरकते. नको. ती चिलटं चावत नाहीत, अन्नावर बसत नाहीत, फळातून बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत त्यांचं आयुष्य संपतं. खाली सडलेल्या फळांवर घोंघावतात त्या फळमाश्या, त्या वेगळ्या. त्यांच्यावर उपाय एकच, रोज सकाळी खराटा आणि ओल्या कचऱ्याचा डबा. झाडावर विष मारून खालची चिकचिक जात नाही.

आता लेकीला घेऊन झाडापाशी जा. खाली पडलेलं उंबर घेऊ नका. खोडावर झुपक्यानं लागतात त्यातलं, अजून पुरतं लाल न झालेलं, पण बोटानं दाबल्यावर किंचित नरम लागणारं एक तोडा. चीक हाताला लागेल, खोबरेल चोळलं की निघतो. दाढीच्या ब्लेडनं उंबर उभं चिरा आणि पांढऱ्या बशीत उघडून ठेवा. हातभिंग हवंच, रावपुऱ्यात शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळेल.

आत जी तांबूस गर्दी दिसते ती बियांची आहे असं वाटतं. ती फुलं आहेत. एका उंबरात काही हजार, सगळी आतल्या बाजूला तोंड करून. 'हल्ली दिसत नाहीस, उंबराचं फूल झालास' असं आपण म्हणतो ना, ते फूल हे. उंबर म्हणजे फुलांनी भरलेली आणि तोंड शिवलेली थैलीच. आपल्या पूर्वजांनाही हे झाड कोड्यात टाकत असणार. मनुस्मृतीत 'अपुष्पाः फलवन्तो ये ते वनस्पतयः स्मृताः' असं आहे, म्हणजे फूल न येता ज्यांना फळ येतं त्या वनस्पती. वड, पिंपळ, उंबर या मंडळींकडे बघूनच ही व्याख्या सुचली असावी असं मला नेहमी वाटत आलंय.

भिंग लावून बघत राहा. काही फुलांच्या जागी बारीक फुगीर दाणे दिसतील, त्यांना भोकं पडलेली असतील. आणि मधल्या पोकळीत पिवळट, बिनपंखांचे, वाकडेतिकडे रांगणारे जीव दिसतील. ते नर. मुलांना मी नेहमी आधी नर शोधायला लावायची, कारण ते कुणी बघितलेलेच नसतात. पंख नाहीत, डोळे नावापुरते, आणि जन्म ते मरण सगळं त्या एका उंबरात. ते आधी बाहेर येतात, मादी अजून आपल्या दाण्यात बंद असतानाच दाणा कुरतडून तिच्याशी संग करतात, मग सगळे मिळून फळाच्या सालीला बोगदा पाडतात आणि मरून जातात. बोगदा त्यांच्या कामाचा नसतो, मागून येणाऱ्या माद्यांसाठी असतो. माद्या काळसर, पंखवाल्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या. तुम्ही 'चिलटं' म्हणता त्या ह्या. खरं तर गांधीलमाशीच्या कुळातल्या. मी इथे नुसतं माशी म्हणते.

बाहेर पडण्याआधी मादी परागकणांनी भरलेल्या फुलांपाशी जाते, पायांनी पराग गोळा करते आणि छातीखालच्या दोन खिशांत भरते. खरोखरचे खिसे, सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतात. मग बोगद्यातून उडते आणि दुसरा उंबर शोधते. दुसरं फळ नव्हे, बहुधा दुसरं झाड. एका झाडावरच्या एका बहराची फळं साधारण एकाच वेळी एकाच अवस्थेत असतात. ही मादी बाहेर पडते तेव्हा तिच्या झाडावर कोवळं, आत शिरण्याजोगं उंबर बहुतेक उरलेलं नसतं. तिच्याकडे एक-दोन दिवस आहेत. वाऱ्यावर तरंगत, वासाच्या मागानं तिला असं झाड गाठायचं असतं जिथे नेमकी आत्ता कोवळी फळं आहेत. नामिबियाच्या वाळवंटात अशा माश्यांनी 100 किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावर पराग नेल्याचं झाडांच्या डीएनएवरून दिसलंय.

कोवळ्या उंबराच्या टोकाला खवल्यांनी झाकलेलं बारीक दार असतं. मादी त्यातून घुसते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथेच तुटतात, मिशांचे तुकडे पडतात. आता परत जायची सोय नाही. आत ती फुलाफुलावर फिरते, आपली अंडी घालायची नळी फुलाच्या नळीतून खाली सोडते, पोचली तर अंडं घालते, आणि जाताजाता खिशातले पराग काढून फुलांवर लावते. मग तिथेच मरते. ज्या फुलात अंडं पडलं तिथे अळी वाढते, ज्या फुलाला नुसता पराग मिळाला तिथे बी धरते. महिना-दीड महिन्यानं तेच फळ पुन्हा तुमच्या बशीत.

हे ऐकून वर्गात हमखास एक मुलगी म्हणायची, "किती छान, दोघं एकमेकांसाठी बनलेत!" तिथे मी खडू खाली ठेवायची. एकमेकांसाठी कुणीही बनलेलं नाही. माशीच्या दृष्टीनं प्रत्येक फुलात अंडं घालता आलं तर उत्तमच, मग एकही बी धरलं नाही तरी तिचं काय जातं? झाडाच्या दृष्टीनं प्रत्येक फुलात बी धरलं तर उत्तम, पण मग पुढच्या पिढीचा पराग वाहायला माशीच उरणार नाही. दोघांचा स्वार्थ अर्ध्या रस्त्यापर्यंत जुळतो, पुढे जुळत नाही. तरी हा व्यवहार कोट्यवधी वर्षं टिकलाय. का टिकला, हे बघण्यात खरी गंमत आहे.

एक तर फुलं सारखी नसतात. काहींची नळी आखूड, काहींची लांब, आणि लांब नळीच्या फुलांत मादीची नळी तळापर्यंत पोचत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. उंबरावर दुसऱ्याही माश्या येतात, पराग न वाहणाऱ्या. त्यांच्या शेपटीला केसासारखी लांब नळी असते. त्या आत जातच नाहीत, बाहेर सालीवर बसून ती नळी आरपार खुपसतात आणि आत वाढणाऱ्या अळ्यांच्या घरात आपली अंडी घालतात. त्यांची नळी बाहेरच्या थरातल्या फुलांपर्यंत पोचते, पोकळीजवळच्या फुलांपर्यंत नाही. म्हणून परागवाहू माशीची पिल्लं आतल्या थरातच सुरक्षित राहतात, आणि बाहेरचा थर झाडाच्या बियांना मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या वडाच्या कुळातल्या एका झाडावर हे नीट दाखवलं गेलंय. चोराच्या भीतीनं भाऊबंदांची वाटणी सरळ झाली, असं आमच्या आजीनं म्हटलं असतं.

आणि पराग न आणता नुसतीच अंडी घालून जाणारी मादी आली तर? पनामात 2010 साली केट जँडर आणि ॲलन हेर या शास्त्रज्ञांनी हे तपासलं. ज्या जातींत माशी खिसे भरून मुद्दाम पराग आणते, तिथे पराग न मिळालेली फळं झाड बरीचशी गाळून टाकतं. फळाबरोबर आतली पिल्लंही जातात. जिथे झाड ही शिक्षा सौम्य करतं, तिथे फुकट्या माश्या जास्त सापडल्या. झाडाला माशी ओळखता येत नाही. बी धरलेलं फळ सांभाळायचं आणि रिकामं गाळायचं, एवढाच नियम त्याच्याकडे आहे आणि तो पुरतो.

यातला साधा भाग मी स्वतः करून बघायचा ठरवला होता, आणि तोंडावर पडले. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका उंबराच्या कोवळ्या झुपक्यांना पिशव्या बांधल्या, माशी आत जाऊ नये म्हणून. माशी गेली नाही तर फळं गळणार, हे मुलांना छातीठोक सांगून ठेवलं होतं. महिन्याभरानं पिशवी सोडली तर आत लाल, गोड, भरगच्च उंबरं. मुलं हसली. मी मच्छरदाणीचं कापड वापरलं होतं, आणि ही माशी त्यातून आरामात ये-जा करत होती. दुसऱ्या वर्षी खारीवाव रोडवरच्या एका शिंप्याकडून दाट विणीच्या मलमलीच्या पिशव्या शिवून घेतल्या, तोंडाशी कापूस कोंबून दोरी आवळली. तीन आठवड्यांत पिशव्यांच्या तळाशी पिवळी पडलेली बोराएवढी उंबरं गोळा झाली होती. शेजारच्या उघड्या झुपक्यांवर मात्र फळं टिकून होती.

लेकीचा प्रश्न, आधी कोण? आजच्या रूपातला उंबरही आधी आला नाही आणि आजच्या रूपातली माशीही नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाच्या बेटावर सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात अशा माश्यांचे जीवाश्म सापडलेत. त्यांना आजच्यासारखेच परागाचे खिसे होते, आणि परागही होता. म्हणजे तेव्हाच हा व्यवहार जुना झाला होता. झाडं आणि माश्या दोघांच्या डीएनएवरून काढलेला हिशेब सुमारे 7.5 कोटी वर्षांपर्यंत मागे जातो. सुरुवात कशी झाली असेल? थोडं झाकलेलं फुलांचं झुबकं, त्यात अंडी घालायला येणारा एखादा किडा, अंगाला चुकून चिकटणारा पराग. मग जे झुबकं थोडं जास्त बंद, त्यात दुसऱ्या चोरांचा शिरकाव कमी, म्हणून बी जास्त. जो किडा थोडा जास्त चपट्या डोक्याचा, त्याचा शिरकाव सोपा, म्हणून पिल्लं जास्त. दार अरुंद होत गेलं, डोकं चपटं होत गेलं. कुणी कुणाकडे बघून ठरवलेलं नाही, दोघंही दुसऱ्याच्या कालच्या रूपाशी जुळवून घेत आज बदलत होते. लेकीच्या वहीत हेच लिहायला सांगा. 'किड्यानं झाडासाठी आपले पंख सोडले' असलं काही लिहू देऊ नका. पंख दारात तुटतात, ती मादी ते सोडत नाही.

शीर्षकाचं सांगते. वडाची साल पिंपळाला लावणं म्हणजे भलत्याचं भलत्याला चिकटवणं, आणि माणसं ते रोज करतात. माशीला मात्र जमत नाही. वडाची परागवाहू माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची तिसरीच. जगात या कुळातल्या झाडांच्या 750 च्या वर जाती आहेत आणि बहुतेकींच्या माश्या ठरलेल्या. प्रत्येक झाडाच्या कोवळ्या फळाचा वास वेगळा, नेमका त्या मिश्रणाला ती माशी भुलते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या याच उंबराचा वास, त्यावरच्या माश्या आणि त्या माश्यांना टिपणाऱ्या मुंग्या यांवर वर्षानुवर्षं काम केलंय. एक झाड-एक माशी हा नियम अगदी काटेकोर नाही हेही खरं. काही झाडांना दोन-तीन जातींच्या माश्या असतात, आणि कधीकाळी एखादी माशी झाड बदलूनही गेलेली दिसते. पण तुमच्या सोसायटीच्या गेटावरचा पिंपळ तुमच्या उंबराची माशी सांभाळू शकत नाही, एवढं पक्कं.

अंजिराचं. अंजीर याच कुळातलं, त्याची माशीही वेगळी. अंजिराची काही झाडं माशी वाढवतात, काही फक्त बी आणि गोडी. ज्या जातींना माशी लागते, त्यांच्या मादी, म्हणजे फक्त बी धरणाऱ्या, फळात माशी शिरते, फुलांच्या नळ्या सगळ्या लांब असल्यामुळे अंडं घालू शकत नाही, पराग मात्र देऊन मरते. फळातला पाचक रस तिला जवळजवळ विरघळवून टाकतो. पण सगळ्या अंजिरांना माशी लागत नाही. आपल्याकडे पुरंदरहून येतं ते ताजं अंजीर परागाशिवायच पिकतं, त्यात शिरलेली माशी नसते. सुक्यात तुर्कस्तानकडच्या स्मिर्ना जातीचं असेल तर तिची फळं माशीशिवाय धरतच नाहीत. कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांना हे महागात पडलं. 1880 च्या दशकात त्यांनी स्मिर्नाची रोपं आणून लावली. झाडं फोफावली, फळं मात्र सुपारीएवढी होऊन गळायची. तुर्कस्तानकडच्या शेतकऱ्यांची, माशी वाढवणाऱ्या रानटी अंजिराच्या फांद्या बागेत टांगायची रीत त्यांना अंधश्रद्धा वाटली होती. शेवटी 1899 साली माशी आणून सोडली, ती रुजली आणि मग फळं धरली.

तेव्हा तुमच्या भिजवलेल्या अंजिरात माशीचा अंश असेल किंवा नसेल, जातीवर आहे. कुरकुरतात त्या बिया, माशीचे पाय नव्हेत, ही अफवा मी निदान शंभर वेळा खोडली असेन. आमच्या शेजारच्या जैन कुटुंबात अंजीर वर्ज्यच. वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि अंजिराच्या जातीचं फळ, ही पाच 'उदुंबर' फळं त्यांच्यात निषिद्ध, आतल्या जिवांमुळे. भिंग नसताना कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी ही फळं फोडून नीट पाहिली होती. तुम्ही काय खायचं ते तुम्ही ठरवा. मी खाते.

आपल्या गावाचं नावच वडावरून. 812 सालच्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात ते 'वटपद्रक' म्हणून येतं. वडाच्या फळांना इथे टेटे म्हणतात, आणि जेठात वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मांडवीपाशी फांद्या विकायला येतात तेव्हा त्यांना हिरवे टेटे लगडलेले असतात. त्या टेट्यांत माशीची एक अख्खी पिढी अर्धवट वाढलेली असते, ती फांदीबरोबर सुकते. मी कुणाला पूजा करू नका म्हणत नाही. माझी सून फांदी आणत नाही, कमाटीबागेपलीकडच्या मोठ्या वडाला जाऊन दोरा गुंडाळते, एवढंच सांगते.

टेटे पिकल्यावर दुसरा अंक. तांबट, कोकीळ, मैना, बुलबुल, हरियल, रात्री वटवाघळं. या कुळाची फळं खाणाऱ्या पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या 1,200 हून अधिक जाती जगभरात नोंदल्या गेल्यात. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतून पिंपळ डोकावतो तो त्यांचाच प्रसाद. झाडझाडाचे बहर वेगवेगळ्या वेळी येतात म्हणून परिसरात कुठे ना कुठे फळ असतंच, ऐन वैशाखातही. ही वेळापत्रकातली गडबड माशीसाठी आवश्यक, आणि पोट भरतं पाखरांचं.

पण इथे नातं सैल आहे बरं का. मैनेला वडाचंच फळ लागतं असं नाही, वडालाही मैनाच लागते असं नाही. लाल रंग, मऊ गर, बारीक बी, हे सगळं 'पाखरं' या घोळक्याला उद्देशून आहे, एका पाखराला नाही. हरियलसारखं हिरवं कबूतर तर पोटातल्या चक्कीत बऱ्याच बिया दळून टाकतं, ते झाडाच्या उपयोगाचं कमीच. निसर्गातली बहुतेक नाती अशी घोळक्याची असतात, उंबर आणि माशीसारखी जोडीची थोडी. प्रकल्पांत मात्र सगळे जोड्याच लावतात, कारण त्या चित्रात छान दिसतात.

पादरा तालुक्यात गणपतपुऱ्याला गोरखचिंचेचं अवाढव्य झाड आहे, सुट्टीत लेकीला दाखवून आणा. मूळ आफ्रिकेचं. त्याची मोठी पांढरी फुलं रात्री उमलतात, उग्र वास येतो, तिकडे फळं खाणारी वटवाघळं त्यांचा मध प्यायला येतात. इथे आफ्रिकेतली वटवाघळं नाहीत, पण आपली आहेत, आणि त्यांनी ते काम बिनबोभाट उचललं. स्मिर्ना अंजीर कॅलिफोर्नियात अडलं, गोरखचिंच गुजरातेत अडली नाही. घट्ट आणि सैल नात्यातला फरक एवढ्यावरून कळतो.

आतापर्यंतचं सगळं देण्याघेण्याचं झालं. नुसत्या भांडणातूनही दोघं एकमेकांना घडवतात, आणि ते बघायला शनिवारी मारुतीला रुईची माळ घालतात ती रुई पुरे. पान तोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो. त्यात हृदयाचे ठोके बिघडवणारी विषं असतात, गुरं तोंड लावत नाहीत. पण पान उलटून बघा, काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि तीन जोड्या काळी शिंगं असलेली अळी सापडेल. बिबळ्या कडवा नावाच्या केशरी फुलपाखराची. खायच्या आधी ती पानाची शीर कुरतडते, चीक तिथेच वाहून जातो, आणि मग पुढचं कोरडं पान निवांत खाते. मी एका दुपारी घड्याळ लावून बसले होते, शीर पुरती चिरायला तिनं अकरा मिनिटं घेतली. उरलेलं विष तिच्या पोटात जातंच, पण तिला बाधत नाही. हे विष पेशींतला सोडियम बाहेर उपसणाऱ्या प्रथिनाच्या पंपाला जखडतं, आणि तिच्या पंपाच्या प्रथिनात नेमक्या जागी बदल झालेला आहे. गंमत म्हणजे अशाच चिकाच्या झाडांवर जगणाऱ्या भुंगेरे आणि ढेकूण वर्गातल्या काही किड्यांतही त्याच जागी बदल झालाय, प्रत्येकात स्वतंत्रपणे. विष एक, कुलूप एक, किल्ली प्रत्येकानं आपापली घडवली आणि ती सारखीच निघाली. अंगात मुरलेल्या विषामुळे पाखरं त्या फुलपाखराला टाळतात. म्हणूनच ते इतकं आरामात, मिरवत उडतं. आणि त्याच्यासारखी दिसणारी, स्वतः बिनविषारी असलेली दुसऱ्या जातीची मादी त्याच्या नावावर जगून घेते.

1964 साली पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन या शास्त्रज्ञांनी फुलपाखरं आणि त्यांची झाडं यांच्या याद्या समोर ठेवून नेमकं हेच मांडलं. एखाद्या झाडाला नवं विष सापडतं, किडे सुटतात, त्या झाडाचे वंशज पसरतात. मग एखादा किडा ते विष पचवायला शिकतो, रिकामं रान त्यालाच मिळतं, त्याचे वंशज पसरतात. मग पुन्हा नवं विष. त्याच रुईच्या फुलावर काळा जाडजूड भुंगा गुणगुणत येतो, त्याच्या पायाला परागाच्या जोडपिशव्या अडकतात आणि तो त्या दुसऱ्या फुलात नेतो. एकाच झाडाचा एक पाहुणा लुटारू, एक टपालवाला.

एरंडाबद्दल दोन ओळी, कारण शहराबाहेर पडलात की दिवेल्याची शेतं दिसतीलच. पानाचा देठ पानाला मिळतो तिथे बारीक गाठी असतात, त्यातून गोड रस झरतो. फुलाशी त्याचा काही संबंध नाही, तो मुंग्यांचा पगार. मुंग्या फिरत राहतात, बारक्या अळ्या उचलून नेतात. तरीही घोडिया इयळ, आपली उंटअळी, पडली की शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतंच, मुंग्यांचा पहारा काही अभेद्य नाही. बीच्या टोकाला जे पांढरट बोंडूक असतं तेही मुंग्यांसाठीच. त्या बी ओढून नेतात, बोंडूक खातात, विषारी बी वारुळाच्या कचऱ्यात टाकतात आणि तिथे एरंड उगवतो.

लांब चोच आणि लांब फूल, लांब सोंडेचा पतंग आणि हातभर खोल मधाचं ऑर्किड, या गोष्टी लेकीला इंटरनेटवर ढिगानं मिळतील. त्या खऱ्या आहेत, पण तिच्या दारात उंबर असताना ते चिकटवायची गरज नाही. बशीतल्या उंबराचं चित्र काढू दे. नर वेगळा, मादी वेगळी, बाहेरून टोचणारी लांब शेपटीची वेगळी. एवढं नीट काढलं तर गुण कुणी कापणार नाही.

आणि कमिटीला सांगा की फवारणी केली तर यंदाच्या माश्या मरतील, पुढच्या कोवळ्या बहरात पराग आणणारं आसपास कुणी उरलं नाही तर ती फळं अर्धवट पिवळी पडून गळतील, म्हणजे झाडायला कचरा आहेच. पिकलेल्या फळांसाठी येणारा तांबटही मग येणार नाही. लेकीला पिशवीचा प्रयोग करायचा असेल तर माझ्याकडे मलमलीच्या चार पिशव्या अजून आहेत, कुणाला तरी पाठवून घेऊन जा. मच्छरदाणीचं कापड चालत नाही.